पाचशे अकराच्या पुढे

कंपनीच्या मालकाला लिफ्टमधून उतरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्टमध्ये 'आठ व्यक्ती' अशी मराठी-इंग्रजी पाटी होती, आणि लिफ्टबरोबर आलेली वस्तू यापलीकडे तिला कुणी किंमत देत नसे. त्या दिवशी आत आम्ही सात जण उभे होतो. दार मिटता मिटता मालक एका परदेशी पाहुण्याला घेऊन आत शिरले.

"नऊ झाले," कोपऱ्यातून आवाज आला. "एकानं उतरावं लागेल."

सगळे हसले, मालकही हसले. बोलणारे मात्र हसले नाहीत, आणि त्यांचं बोट बटणावरून हललं नाही. दार उघडंच राहिलं. पाहुण्याने पाटी वाचली आणि तो बिचारा स्वतःच उतरायला लागला, तेव्हा मालकांना उतरण्यावाचून इलाज राहिला नाही. चार जिने चढून ते वर आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, आणि पाहुण्याने तोवर 'तुमच्याकडे सुरक्षिततेला फार मान आहे' असं म्हणून टाकलं होतं, त्यामुळे बोलायला काही उरलंही नव्हतं.

ते आमचे टीम लीड. आम्ही तोंडावर 'सर' म्हणायचो आणि मागे 'मर्यादापुरुष'. त्यांना हे माहीत होतं. एकदा कुणीतरी चुकून समोरच म्हणालं, तर म्हणाले, "नाव बरोबर आहे, पण ऑफिसच्या वेळात नको."

कुठलीही गोष्ट आधी आखून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मीटिंग अर्ध्या तासाची असेल तर अर्धा तास झाला की ते उठत. कुणाचं वाक्य अर्धवट राहिलंय याचा विचार नाही. दोनदा तर ते स्वतःचंच वाक्य अर्धवट टाकून गेले. त्यातलं एक वाक्य 'यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे' इथे तुटलं होतं. तो धोका कुठला, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, धोका होऊन गेल्यावर.

योगायोग असा की या नोकरीआधी ते माझे घरमालक होते. मी तेव्हा हिंजवडीत कामाला होते आणि मारुंजीत त्यांच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. शेजारच्या बिल्डिंगांमध्ये एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा जण कोंबलेले असत. यांच्याकडे खोलीत दोन म्हणजे दोन. माझी धाकटी बहीण परीक्षेसाठी आली तेव्हा मी आणि माझी रूममेट धरून आम्ही तीन झालो, तर त्यांनी रूममेटला आठवडाभर स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या खोलीत नेऊन ठेवलं. जेवणही त्यांच्याकडेच. "नियम म्हणजे नियम," म्हणाले. रूममेट परत आली ती आठवडाभर चुलीवरची भाकरी खाऊन, आणि मग दर महिन्याला माझ्यामागे लागायची की बहिणीला बोलाव.

त्यांच्याच टीममध्ये टेस्टरची जागा निघाली तेव्हा त्यांनीच मला सांगितलं, आणि मुलाखतही त्यांनीच घेतली. भाडेकरू म्हणून काही सवलत मिळाली नाही, उलट प्रश्न दोन जास्त विचारले.

मुलीच्या लग्नाला त्यांनी तीनशेच माणसं बोलावली. हे दुसरीकडे चालेल. मारुंजीत, जुन्या घराण्यात, हा गुन्हा आहे. तिकडे लग्नाला सगळी पंचक्रोशी लोटते, आणि मुहूर्त टळून गेला तरी माइकवरचे शुभाशीर्वाद संपत नाहीत. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, जिन्यात उभे राहून त्यांच्याशी भांडताना मी ऐकलंय.

"आरं, तीनशे तर नुसती आपली भावकीच हाय. गावाला काय सांगू?"

"सांगा, जागा न्हाई."

"जागा न्हाई? कार्यालय आपलंच हाय की. तीन हजार बसत्यात."

"बसत्यात म्हणून बसवायचे व्हय?"

ऑफिसात शुद्ध पुणेरी बोलणारा माणूस दादांसमोर असा बोलायचा. शेवटी लग्न तीनशेत झालं, वेळेवर झालं, एकही भाषण झालं नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी त्याच कार्यालयात, त्याच नवरा-नवरीला बसवून उरलेल्या गावाला जेवू घातलं. मुलीचे वडील तिकडे फिरकले नाहीत. "माझं लग्न काल झालं," म्हणाले.

हे सगळं कुठून आलं, ते मला एकदाच कळलं. रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि ते टाकीचा व्हॉल्व्ह बघायला आले होते. समोरचे टॉवर दाखवत म्हणाले, "ते दिसतंय ना, तिथं आमची ज्वारी असायची. त्याच्या पलीकडे हरभरा. विकायचं असं कुणाच्या मनात नव्हतं. घरात कुणीतरी म्हणायचं, एवढा एकच प्लॉट. मग पुढच्या वर्षी परत कुणीतरी, एवढा एकच. कुणी लबाडी केली नाही, कुणी भांडलं नाही. फक्त कुठे थांबायचं हे आधी ठरवलं नव्हतं." मग व्हॉल्व्ह बंद करून खाली गेले. मी पुढे बरेच दिवस त्यांच्यावर हसताना जरा जपून हसायचे.

आता आमच्या कामाचं सांगते. कारखान्यांना माहिती साठवायला मोठी जागा लागते. एकाच डिस्कवर भरवसा ठेवला आणि ती मेली तर सगळं जातं, म्हणून चार-सहा डिस्क एकत्र बांधून त्यांचा एक संच करतात. त्यातली एखादी मेली तरी माहिती टिकते. या संचाला अ‍ॅरे म्हणतात. प्रत्येक अ‍ॅरेला एक क्रमांक असतो, आणि हे अ‍ॅरे तयार करणं, पुसणं, सांभाळणं यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं ते आम्ही विकायचो. त्याचा गाभा सरांनी एकट्याने लिहिला होता, कंपनी एका खोलीत होती तेव्हा. आणि त्यात त्यांनी, अर्थातच, एक मर्यादा घातली होती. अ‍ॅरेचा क्रमांक जास्तीत जास्त पाचशे अकरा.

गंमत अशी की खालच्या थराला, म्हणजे ज्याच्या जोरावर आमचं सॉफ्टवेअर चालायचं त्या मूळ यंत्रणेला, याच्या कितीतरी पुढच्या क्रमांकाचं वावडं नव्हतं. जणू बंगल्याच्या मालकाची ना नव्हती, अडवत होता तो गेटवरचा वॉचमन. आणि अडवायची तऱ्हाही अशी की कुणी पाचशे अकराच्या पुढचा क्रमांक मागितला, तर आमचं सॉफ्टवेअर 'नाही' म्हणायचं नाही. 'हो' म्हणायचं आणि गुपचूप आपल्या मनाने एकशे सत्तावीसपासून खाली जो रिकामा असेल तो क्रमांक देऊन टाकायचं. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की परत नव्याने वाटप. काल एकशे सव्वीस असलेला अ‍ॅरे आज एकशे पंचवीस व्हायचा.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मला हे सापडलं आणि मी बग, म्हणजे दोष, नोंदवला. सरांनी तो दुपारच्या आत बंद केला. शेरा होता, 'हे असंच अपेक्षित आहे.'

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. "सर, माणूस एक आकडा देतो आणि त्याला दुसराच मिळतो. हे अपेक्षित कसं?"

"पाचशे बारा अ‍ॅरे कुणाला लागतात, मॅडम? एक कारखाना दाखवा मला."

"अ‍ॅरे तेवढे नसतील. पण आकडा मोठा हवा असेल तर?"

"मोठा आकडा कशाला हवा? चाळीस मुलांच्या वर्गात कुणाचा हजेरी क्रमांक हजार असतो का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं, पण तेव्हा मी नवीन होते, आणि घरमालकाशी वाद घालायची सवय नव्हती.

उत्तर चाकणहून आलं. तिथल्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग बनतात. प्रत्येक प्रेस मशीनवर कॅमेरा, प्रत्येक भागाचा फोटो, आणि मशीनमागे एक अ‍ॅरे. मशीन चाळीसच होती, पण त्यांचे क्रमांक चार आकडी, पिवळ्या रंगात अंगावर रंगवलेले. बाराशे चार, बाराशे अठरा असे. साहजिकच त्यांना वाटलं, मशीन बाराशे चार तर त्याचा अ‍ॅरेही बाराशे चार. त्यांनी तसे आकडे दिले, आमच्या सॉफ्टवेअरने मान डोलावली आणि वाट्टेल ते क्रमांक लावले. तक्रार आली तेव्हा सरांनी सॉफ्टवेअरला हात लावला नाही. कुठल्या मशीनचा अ‍ॅरे कुठल्या क्रमांकावर आहे त्याचा एक तक्ता बनवला, त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि सर्व्हररूमच्या भिंतीवर स्वतः लावून आले. तो तक्ता सेल्सवाल्यांना इतका आवडला की पुढच्या ग्राहकाला त्यांनी तो 'खास सुविधा' म्हणून दाखवला.

तिथे मेंटेनन्सला बालाजी नावाचा माणूस होता. लातूरकडचा, कुरुळीत राहायचा, ठेकेदाराकडून कामाला लागलेला. एके दिवशी बाराशे चार नंबरचं मशीन काढून दुसऱ्या शेडमध्ये नेलं आणि त्याला सांगितलं की त्याचा अ‍ॅरे पुसून रिकामा कर. त्याने भिंतीवरचा तक्ता पाहिला. बाराशे चारसमोर एकशे सव्वीस होतं. त्याने एकशे सव्वीस पुसला.

आदल्या दिवशी चाकणला वीज गेली होती. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा आकडे सरकले होते. पुसला गेला तो बाराशे अठराचा अ‍ॅरे, आणि त्यात गाडीच्या कंपनीकडे रवाना झालेल्या मालाचे फोटो होते. फोटो नाहीत म्हणजे माल तपासल्याचा पुरावा नाही. सगळा माल परत मागवला गेला, लाइन थांबली, आणि दुसऱ्या दिवशी बालाजीचं कार्ड गेटवर चाललं नाही.

चौकशीला कारखान्याने आम्हाला बोलावलं. आमचे सेल्सचे प्रमुख, सर आणि रिपोर्ट सांभाळायला मी, असे तिघं निघालो. तळवडे-चाकण रस्त्यावर ट्रकांच्या मागे आमची गाडी पाऊण तास एकाच जागी उभी होती. तेवढ्या वेळात सेल्सप्रमुखांनी सरांची तयारी करून घेतली.

"सर, तुम्ही एकच वाक्य बोलायचं. वापरणाऱ्याची चूक. बाकी मी बघतो."

सर खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणून दाखवा ना एकदा," सेल्सप्रमुख म्हणाले.

"ट्रकचा नंबर चार आकडी असतो," सर म्हणाले. "दहा हजार ट्रक झाले म्हणून नाही. तसाच असतो."

सेल्सप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी रिपोर्ट चाळायला लागले.

मीटिंगच्या खोलीत कारखान्याचे प्लँट हेड बसले होते, ठेकेदार बसला होता, एचआरच्या बाई बसल्या होत्या. बालाजी दाराशी उभा होता. बिस्किटांची बशी फिरत होती, ती त्याच्याआधी वळून परत आली. प्लँट हेडनी त्याला विचारलं, काय झालं ते सांग.

"सर, मी तक्ता बघितलो. त्याच्यात जे लिव्हलेलं हाय तेच केलो," बालाजी म्हणाला. "मी माझ्या मनानं कायच केलो नाही."

"नीट बघून पुसायला काय झालं होतं?" ठेकेदार म्हणाला.

"नीटच बघितलो की. दोनदा बघितलो. हेल्परला बी वाचाय लावलो."

सेल्सप्रमुखांनी घसा साफ केला. "आमच्या तज्ज्ञांचं मत असं आहे..." आणि सरांकडे हात केला.

सर उठले. त्यांनी आधी एक खुर्ची ओढून बालाजीला बसवलं. मग प्लँट हेडना म्हणाले, "तुमचा सर्व्हर एकदा बंद करून चालू करता येईल का? लाइन बंदच आहे, नुकसान नाही." भिंतीवरच्या पडद्यावर अ‍ॅरेची यादी लावली होती. सर्व्हर बंद झाला, चालू झाला, यादी परत आली. एकशे सव्वीस आता तिसऱ्याच मशीनचा होता.

सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांना हे माहीत होतं, मी लिहून दिलं होतं, त्यांनी वाचून बंद केलं होतं. पण माहीत असणं आणि त्या माणसाशेजारी उभं राहून बघणं यात फरक असावा, कारण त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मॅडम," ते मला म्हणाले, "तुमचा बग मी काय म्हणून बंद केला होता?"

मी सेल्सप्रमुखांकडे न बघता म्हटलं, "'हे असंच अपेक्षित आहे' म्हणून."

"ऐकलंत?" ते सगळ्यांना म्हणाले. "पाचशे अकराची मर्यादा मी घातली. तिच्या पुढे गेलं की खोटं बोलायचं, हेही मीच लिहिलं. तक्ता मी बनवला, मीच चिकटवला. यांनी तो वाचला. यांची चूक एवढीच की यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

सेल्सप्रमुख पुढे सरसावले. "सरांना म्हणायचंय की दोन्ही बाजूंनी थोडं थोडं..."

"मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलंय," सर म्हणाले.

बालाजीला दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शिफ्टला परत घेतलं. एचआरच्या बाईंनी त्याची बडतर्फी 'कार्डातला तांत्रिक बिघाड' म्हणून नोंदवली, म्हणजे त्यांच्या बाजूनेही कुणाची चूक झाली नाही.

परतीच्या वाटेवर सर एकदाच म्हणाले, "मर्यादा घातल्याचं वाईट नाही वाटत. पण 'नाही' तरी म्हणायला हवं होतं."

मर्यादा काढणं हे तसं एका दिवसाचं काम होतं. पण मालकांच्या खोलीत त्यावर बैठक बसली. एकाने सुचवलं, एकदम कशाला, आधी एक हजार तेवीस करू, लोकांना सवय होईल. दुसऱ्याने विचारलं, आतापर्यंत ती होती हे ग्राहकांना कळलं तर काय? मग सेल्सप्रमुखांना कल्पना सुचली.

"काढायची कशाला?" ते म्हणाले. "विकू. साध्या ग्राहकाला पाचशे अकरा. सिल्व्हरला दोन हजार. गोल्डला हवा तेवढा. चाकणवाल्यांना गोल्ड लागेलच."

मालकांना हे एकदम पटलं. सर अर्धा तास ऐकत होते. वेळ संपली, पण या वेळी ते उठले नाहीत. आयुष्यभर मर्यादेची बाजू घेतलेला माणूस मर्यादेवर असा चिडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"मी ती घातली ती कुठेतरी थांबावं म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही ती घालताय ती माणसं अडावीत म्हणून. हे माझ्या नावावर नको."

"अहो, पण धंदा..." मालक म्हणाले.

"धंदा करा. मी बदल केलाय. मॅडमनी तपासलाय. चाकणला सकाळीच पाठवलाय."

हे खरं होतं. खालची मूळ यंत्रणा जिथवर जाते तिथवर आता आमचं सॉफ्टवेअर जात होतं. सर्व्हर कितीदाही बंद-चालू केला तरी आकडा सरकत नव्हता. आणि खालच्या यंत्रणेच्याही पलीकडचा आकडा मागितला, तर स्पष्ट मराठीत आणि इंग्रजीत 'हा क्रमांक देता येत नाही' असं सांगत होतं. दोन दिवस मी ते हरतऱ्हेने मोडायचा प्रयत्न केला होता. मोडलं नाही.

मालकांनी त्यांना काढलं नाही. चाकणचा कारखाना खूश झाला होता आणि त्यांना सरच हवे असायचे, म्हणून काढता येईना. त्यांना 'ज्येष्ठ सल्लागार' केलं, म्हणजे केबिन मोठी आणि काम काही नाही. सरांनी मनावर घेतलं नाही. आता ज्यांना सल्ला द्यायला हवा ते मला विचारणार नाहीत, आणि जे विचारतील त्यांना मी देईन, असं म्हणाले. खरोखर, सगळी टीम जाता-येता त्यांच्याच केबिनमध्ये असायची.

पुढे कंपनीने हाच बदल नवीन आवृत्ती म्हणून वाजतगाजत बाजारात आणला. चिंचवडला हॉटेलात समारंभ ठेवला. मंचामागे भला मोठा फलक होता, 'आता मर्यादा नाही!' सेल्सप्रमुख माइकवर सांगत होते की ग्राहकाला कुठेही अडवायचं नाही, हे आमच्या कंपनीचं पहिल्या दिवसापासूनचं तत्त्व आहे. सर तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या संपेपर्यंत थांबले आणि उभे राहिले.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मर्यादा आहे. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे पंचाहत्तर."

समोर बसलेले ग्राहक वळून बघू लागले. मालकांनी डोळे मिटले.

"अहो सर, तेवढे अ‍ॅरे कुणाला लागणार?" सेल्सप्रमुख हसत हसत म्हणाले.

"हे मी पण म्हणायचो," सर म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या आठवड्यात तोच फलक चाकण रस्त्यावर लागला. 'आता मर्यादा नाही' यातल्या 'नाही'च्या डोक्यावर एक बारीक तारा आला होता, आणि अगदी खाली, ट्रकवाल्याला गाडी थांबवूनही वाचता येणार नाही अशा अक्षरात, 'अटी लागू.' मी त्याचा फोटो काढून सरांना पाठवला. वाटलं, चिडतील.

लगेच फोन आला. "पाहिला," ते म्हणाले. "आता खरं झालं."